अडगळींतील संगणक

आमच्या शाळेच्या ग्रंथालयामागें एक लहानशी खोली आहे. मोडकीं बाकें, फाटलेले नकाशे, रंग उडालेला पृथ्वीचा गोल आणि नाताळच्या नाटकांतील मेंढपाळांच्या काठ्या यांचा तेथें फार वर्षांचा शेजार आहे. २०२४ सालच्या जून महिन्यांत या मंडळींत सहा संगणकांची भर पडली. २०११ मध्यें हेच संगणक शाळेंत आले तेव्हां त्यांस हार घातले होते, पेढे वांटले होते; आतां त्यांच्या जागीं नवे आल्यामुळें ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. भंगारवाल्याचा टेंपो सोमवारीं यावयाचा होता. शनिवारीं दुपारीं आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या आईच्या खांद्यावर हात ठेवून शाळेंत आला.

हा मुलगा आठवींत आमच्या वर्गांत होता. फळ्यावरील मजकूर वहींत उतरवितांना तो अक्षरें गाळीत असे, आणि आम्ही, पंधरा वर्षें शिकविण्याचा अनुभव पाठीशीं असलेले शिक्षक, त्यास निष्काळजी म्हणत असूं. दिवेलागणीस मैदानावर तो ठेंचाळे, तेव्हां मुलें हंसत. पुढें मोठ्या शहरांतील नेत्रवैद्यानें सांगितलें कीं, त्याच्या डोळ्यांतील आंतला पडदा हळूहळू निकामी होत आहे आणि त्यावर चष्म्याचा उपाय नाहीं. दहावीची परीक्षा त्यानें लेखनिक घेऊन दिली. बारावी होईपर्यंत उजेड आणि काळोख एवढाच भेद त्यास कळूं लागला.

तो म्हणाला, "सर, जुने संगणक काढून टाकणार असें ऐकलें. त्यांतला एक मला मिळेल का?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलों. ज्यास पडदा दिसत नाहीं त्यानें पडद्याचें यंत्र घेऊन काय करावें, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. आमच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यानें ओळखला असावा. तो म्हणाला, "कॉलेजचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचें खातें, सगळें आतां इंटरनेटवर आहे. दर वेळीं सायबर कॅफेंतल्या दादांना पासवर्ड सांगावा लागतो. माझे मार्क माझ्या आधीं त्यांना कळतात."

या शेवटच्या वाक्यानें आम्ही वरमलों. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सहांपैकीं त्यांतल्या त्यांत बरा संगणक आम्हीं त्यास दिला. त्याच्या आईनें हात जोडले. आपल्या हातून मोठें सत्कृत्य घडलें अशा समाधानांत आम्ही घरीं गेलों. हें समाधान कितपत खरें होतें, तें पुढें दिसून येईल.

विद्यार्थी मित्रहो, अंधांच्या वाचनाचा इतिहास तुम्ही थोडाबहुत वाचला असेल. लुई ब्रेल १८०९ सालीं फ्रान्समधील कूव्रे या गांवीं एका खोगीर करणाऱ्याच्या घरीं जन्मला. तीन वर्षांचा असतां वडिलांच्या कारखान्यांतील आरीनें त्याचा एक डोळा दुखावला आणि पुढें दोन्ही डोळे गेले. पंधरा वर्षांच्या वयांत, १८२४ मध्यें, त्यानें सहा ठिपक्यांची लिपि रचली. ती १८२९ मध्यें छापून प्रसिद्ध झाली. आपल्या देशांत ॲनी शार्प या मिशनरी बाईंनीं १८८७ मध्यें अमृतसर येथें अंधांसाठीं शाळा काढली. मुंबईस अमेरिकन मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं १९०० मध्यें अशीच शाळा सुरू केली. दादरची अंधशाळा ती हीच. आपल्या सर्व भाषांसाठीं एकच भारती ब्रेल १९५१ मध्यें ठरली. परंतु ब्रेल पुस्तक जाड, महाग आणि दुर्मीळ. आज सकाळीं निघालेली सूचना आजच वाचावयाची, तर ठिपक्यांचा छापखाना तरी कोठवर पुरणार?

ही उणीव संगणकानें भरून काढली. पडद्यावर जें लिहिलें असेल तें मोठ्यानें वाचून दाखविणारी एक आज्ञावली असते; तिला स्क्रीन रीडर म्हणतात. अंध मनुष्य माऊस वापरीत नाहीं. तो कीबोर्डवरील कळा दाबतो आणि कानांनीं ऐकतो. टेड हेंटर हा अमेरिकेंतील मोटारसायकलच्या शर्यतींत धांवणारा गृहस्थ. १९७८ मध्यें मोटारीच्या अपघातांत त्याची दृष्टि गेली. पुढें त्याच्या कंपनीनें १९८९ मध्यें जॉज नांवाचा स्क्रीन रीडर काढला. तो उत्तम, पण गरिबास न परवडणारा. २००६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें एनव्हीडीए नांवाचा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यास येऊन मिळाला. जो वाचक डोळसास फुकट मिळतो, त्यासाठीं अंधानें पैसे कां मोजावे, अशी त्यांची भूमिका. म्हणून एनव्हीडीए आजही जगभर विनामूल्य मिळतो.

हें सर्व आम्हांस आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांनीं सांगितलें, कारण चारच दिवसांनीं त्या मुलाचा फोन आला, "सर, संगणक माझ्याशीं बोलत नाहीं."

आम्ही दोघे रविवारीं उपासनेनंतर त्याच्या घरीं गेलों. बसस्थानकामागें पत्र्याच्या दोन खोल्या. वडिलांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान बाहेरच्या पडवींत. संगणकांत विंडोज ७ होतें. नवीन एनव्हीडीए त्यावर बसेना. २०२३.३ ही त्याची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ति आहे असा शोध लागला. ती आणून बसविली आणि संगणक बोलूं लागला. आई दारांत उभी होती. तिनें पदर तोंडाशीं नेला. परंतु इंटरनेट उघडतांच पुन्हां अडलें. गूगल क्रोमची १०९ वी आवृत्ति ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची. ती २०२३ च्या आरंभीं निघाली. त्यापुढील रस्ता बंद. कांहीं ठिकाणीं पान उघडे, कांहीं ठिकाणीं "आपला ब्राउझर जुना आहे" एवढेंच ऐकूं येई. शिवाय ज्या प्रणालीस दुरुस्त्या मिळणें थांबलें आहे, तिच्यावर बँकेचा व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या घरांत पैसे ठेवणें.

त्या दिवशीं त्याच्या शेजारीं बसून आम्हांस एक गोष्ट कळली, ती पूर्वीं कधीं सुचली नव्हती. संगणक मंद चालला तर आपण डोळसांस पडद्यावर फिरणारें चक्र दिसतें. आपण चहाचा घोंट घेतों आणि वाट पाहतों. अंधास मात्र नुसती शांतता ऐकूं येते. यंत्र काम करीत आहे, कीं कळ नीट दाबली गेली नाहीं, कीं सर्वच बंद पडलें, हें त्यास कळावें कसें? तो पुन्हां कळ दाबतो; मग एकाच्या जागीं तीन पानें उघडतात आणि तिन्ही एकदम बोलूं पाहतात. अक्षर टाइप केल्यावर त्याचा उच्चार अर्ध्या सेकंदानें ऐकूं आला, तर बोट पुढें आणि कान मागें अशी ओढाताण होते. आपल्यास जी केवळ गैरसोय, तीच त्यास भिंत होते. जुना संगणक अंधास द्यावयाचा तर तो निदान चपळ करून द्यावा, हें आम्हांस तेव्हां समजलें. भंगारांतून उचलून दिलेल्या वस्तूस दान म्हणून आम्ही मोकळे झालों होतों. काम तर तेथून पुढें होतें.

सोमवारचा टेंपो आमच्या सुदैवानें आला नव्हता. उरलेल्या पांच संगणकांपैकीं एकाची स्मृतीची पट्टी काढून आमच्या मित्रांनीं या संगणकांत बसविली. दोन जीबीचे चार जीबी झाले. घरघर करणारी जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागीं लहानशी एसएसडी घातली. तेवढीच काय ती विकत आणावी लागली, आणि तिला दोन हजार रुपयेही पडले नाहींत. विंडोज काढून डेबियन लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालण्याचें ठरलें. तिची एक मौज अशी कीं, ती बसवितांना आरंभींच एस ही कळ दाबून एंटर दाबलें म्हणजे ती पहिल्या प्रश्नापासून बोलूं लागते. आमचे मित्र खुर्चीवर बसूं लागले तों तो मुलगा म्हणाला, "सर, मी करतों. चुकलों तर सांगा." दीड तास तो ऐकत होता आणि उत्तरें देत होता. दोनदां चुकला, पण आम्ही सांगण्यापूर्वीं त्याचें त्यालाच कळलें. संगणक पुन्हां सुरू झाला तेव्हां ऑर्का नांवाचा स्क्रीन रीडर आपण होऊन बोलूं लागला. आपल्या हातानें उभारलेल्या घराची किल्ली मिळावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

त्या यंत्राचा आवाज मात्र आम्हांस मुळींच आवडला नाहीं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो. ईस्पीक नांवाची ही आवाज करणारी आज्ञावली जोनाथन डडिंग्टन या गृहस्थांनीं प्रथम लिहिली. तींत आज आपली मराठीही आहे. "याहून गोड आवाज नाहीं का मिळणार?" आम्हीं विचारलें. तो हंसला. "गोड आवाज जड असतो, सर. हा हलका आहे, लगेच बोलतो. आणि कितीही भरभर बोलला तरी शब्द तुटत नाहींत." त्यानें वेग वाढविला. आम्हांस नुसती खडखड ऐकूं येऊं लागली. तो मात्र मान डोलावीत होता. गोड कीं कर्कश, हें ठरविण्याचा अधिकार ऐकणाराचा, हें मान्य करून आम्ही गप्प बसलों.

मग त्यानें वेबपानांवर हिंडणें कसें असतें तें दाखविलें. एच दाबलें कीं पुढील मथळा, के दाबलें कीं पुढील दुवा, बी दाबलें कीं पुढील बटण. आपली दृष्टि जशी पानावरून भिरभिरत हवें तेथें थांबते, तशीं त्याचीं बोटें मथळ्यांवरून उड्या घेत जातात. पण मथळा हा खरोखर मथळा म्हणून लिहिलेला असावा लागतो. नुसतींच अक्षरें मोठीं व ठळक केलीं तर डोळ्यास तो मथळा दिसेल. यंत्रास तें साधें वाक्यच वाटेल.

"आतां आपल्या शाळेचें पान उघडतों," तो म्हणाला, आणि आमची परीक्षा सुरू झाली.

शाळेच्या पानावर सूचनांचा रकाना होता. यंत्र म्हणालें, "चित्र." पुढील सूचना. "चित्र." तिसरीस त्यानें फाइलीचें नांव व एक लांबलचक आंकडा वाचला. प्रवेशाची सूचना, सुटीची सूचना, निकालाची सूचना, सर्व कागदावर लिहून, शिक्का मारून, मोबाईलनें फोटो काढून चढविलेल्या. त्यांतील दोन सूचनांखालीं सही आमची होती. कागद शुद्ध मराठींत होता, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नव्हती. आणि आमच्याच विद्यार्थ्यास त्यांतलें एक अक्षर वाचतां येत नव्हतें.

"वार्षिकाचा अंक बघूं," तो म्हणाला. "गेल्या अंकांत तुम्हीं माझ्यावर लेख लिहिला होता ना? आईनें पीडीएफ ठेवली आहे. मीं अजून वाचला नाहीं."

पालकहो, आम्ही खरें तें सांगतों, त्या क्षणीं वीज जाईल तर बरें असें आम्हांस वाटलें. लेख निघाला. यंत्र वाचूं लागलें. पण तें मराठी नव्हतें, इंग्रजी नव्हतें, कोणतीच भाषा नव्हती. सुटीं इंग्रजी अक्षरें, कंस, टक्क्याचें चिन्ह, पुन्हां अक्षरें. कारण असें कीं, आमचा अंक जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्यें जुळविला जात असे. अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें नुसतें चित्र बसविलेलें असतें. कागदावर 'शाळा' दिसतें. यंत्राच्या पोटांत मात्र इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा भलताच मेळ असतो. ज्यांत प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास आपला स्वतःचा क्रमांक असतो, त्या युनिकोड पद्धतींत देवनागरी १९९१ पासून आहे. तीस वर्षांहून अधिक काळ जी सोय हाताशीं होती, ती आम्हीं संवयीपायीं घेतली नव्हती.

तो लेख आम्हीं घरीं जाऊन युनिकोडमध्यें पुन्हां टाइप केला. चार पानें होतीं. दोन रात्री लागल्या. टाइप करतां करतांच आमचें मन खाऊं लागलें होतें. पुढच्या रविवारीं त्याच्या घरीं त्या पत्र्याच्या आवाजानें तो लेख वाचला, आणि आमचे शब्द आम्हांस प्रथमच खरे ऐकूं आले. 'अभागी बालक', 'अंधःकाराच्या गर्तेंत पडलेला जीव', 'दैवानें सर्वस्व हिरावून घेतलेला'. यंत्रास दया नाहीं, आवाजांत चढउतार नाहीं. त्यामुळें शब्दांचें पोकळपण लपेना. आई चुलीपाशीं गेली. तो शेवटपर्यंत स्वस्थ ऐकत होता.

मग म्हणाला, "सर, लेख चांगला आहे. पण हा मुलगा कोण?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

"मी दुपारीं बाबांच्या दुकानांत चाकें सरळ करतों, तें यांत नाहीं. आठवींत मला फळा दिसत नव्हता, तेंही नाहीं." हें तो रागानें बोलला नाहीं, मित्राच्या निबंधांत गाळलेली ओळ दाखवावी तसें बोलला. आम्ही मात्र खालीं पाहूं लागलों. ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्यास तें वाचतां येणार नाहीं, असें मनांत कोठेंतरी धरूनच आम्हीं तें लिहिलें होतें. एरव्हीं इतकें स्वैर लिहिण्याचें धाडस झालें नसतें. फळ्याची गोष्ट तर आम्हीं जाणूनबुजून गाळली होती, कारण तींत चूक त्याची नव्हती. "ती गोष्ट मीं लिहावयास हवी होती," एवढें आम्ही कसेंबसें म्हणालों. तो म्हणाला, "पुढच्या अंकांत लिहा. मी वाचीन." हा लेख त्या वचनाची फेड आहे.

आतां विद्यार्थ्यांस व पालकांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली ही कीं, जें अक्षरांत लिहितां येतें त्याचा फोटो करून पाठवूं नका. सूचना टाइप करा, आणि ती युनिकोडमध्यें करा. चित्र घालावेंच लागलें तर तें कशाचें आहे हें एका वाक्यांत लिहा. वेबपानावर त्यासाठीं राखीव जागा असते. "येथें क्लिक करा" असें दहा ठिकाणीं लिहूं नका. अंध वाचक पानावरील दुव्यांची यादी काढून ऐकतो. त्यास दहा वेळां तेंच ऐकूं येतें आणि काय कोठें आहे याचा पत्ता लागत नाहीं. "दहावीचा निकाल" असें त्या दुव्याचें नांव ठेवा.

दुसरी ही कीं, पान हलकें ठेवा. हलणारीं चित्रें, आपोआप वाजणारें संगीत, वर उडी मारून येणाऱ्या जाहिराती यांनीं जुना संगणक दमतो आणि बोलणारा आवाज अडखळतो. हलक्या पानाचा लाभ केवळ अंधांस नव्हे. डोंगरापलीकडील वाडींत एका रेघेच्या सिग्नलवर मोबाईल धरून बसलेल्या बापासही तो होतो. वेबपानें सर्वांस वापरतां यावींत म्हणून जगन्मान्य नियम १९९९ मध्येंच प्रसिद्ध झाले आणि पुढें अनेकदां सुधारले गेले. आपल्या देशांत २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे; आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, डिजिटल सेवांपर्यंत पोंचतां येणें हा संविधानाच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचा भाग आहे. तेव्हां हें कोणाच्या कृपेचें काम उरलेलें नाहीं.

तिसरी गोष्ट जुन्या संगणकांविषयीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें नित्याचें साहाय्य संपलें. पुष्कळ घरांत व कचेऱ्यांत धडधाकट संगणक केवळ त्या कारणानें कोपऱ्यांत ढकलले जात आहेत. भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं विचार करा. स्मृति थोडी वाढविली, एसएसडी घातली, विनामूल्य प्रणाली व बोलणारा वाचक बसविला, तर तो आणखी कैक वर्षें एखाद्याच्या उपयोगीं पडेल. पण देण्याआधीं तो त्याच्याशीं बोलतो कीं नाहीं, हें त्यासच शेजारीं बसवून पाहा. घरीं पोंचविला म्हणजे काम झालें असें आमच्यासारखें समजूं नका.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठीं, म्हणजे प्रथम आमच्यासाठीं. फळ्यावरील अक्षरें गाळणाऱ्या मुलास निष्काळजी म्हणण्यापूर्वीं एकदां त्याचे डोळे तपासून घ्यावे. त्या आजारावर औषध नव्हतें हें खरें. पण दोन वर्षें खाल्लेल्या बोलण्याला तरी औषध होतें, आणि तें आमच्यापाशीं होतें.

अडगळीच्या खोलींतील उरलेल्या संगणकांपैकीं तीन नववीच्या मुलांनीं विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखालीं दुरुस्त केले. बाकीच्या दोघांचे भाग त्यांच्या कामीं आले. तिघांपैकीं दोन तालुक्यांतील अंध विद्यार्थ्यांच्या घरीं आहेत. तिसरा आमच्या ग्रंथालयांत, खिडकीजवळ, कानांत घालावयाच्या यंत्रासह ठेवला आहे. शाळेच्या सूचना आतां टाइप होऊन जातात. एखाद्या शिक्षकानें घाईंत फोटो चढविलाच, तर संध्याकाळपर्यंत आम्हांस एक संदेश येतो: "सर, आज पुन्हां चित्र."

तो मुलगा आतां बी.ए. करीत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानें स्वतः भरला. एका ठिकाणीं वांकड्यातिकड्या अक्षरांचें चित्र ओळखून लिहावयाचें होतें. तेवढ्यासाठीं मात्र त्यास आईला हांक मारावी लागली, आणि आई चौथीच शिकलेली. तिनें इंग्रजी अक्षरें एकेक करून, आकार सांगत सांगत वाचलीं. तिसऱ्या खेपेस दार उघडलें. असें चित्र घालणारांनीं या माउलीस एकदां पाहावयास हवें होतें. पासवर्ड मात्र आतां त्याचा त्यासच ठाऊक आहे.

हा अंक युनिकोडमध्यें जुळविला आहे, आणि प्रत्येक छायाचित्राखालीं त्यांत काय आहे तें लिहिलें आहे. छापावयास देण्यापूर्वीं हा लेख आम्हीं त्याच्याकडे पाठविला होता. त्यानें तो ऐकून दोन दुरुस्त्या सुचविल्या. एक शुद्धलेखनाची होती. दुसरी अशी: "घराची किल्ली वगैरे ठीक आहे, सर, पण बसवितांना मी दोनदां नाहीं, तीनदां चुकलों."

पहिली दुरुस्ती आम्हीं लेखांत केली आहे. दुसरी त्याच्याच शब्दांत येथें ठेवली आहे.